कमिट मेसेज : पुढच्या माणसासाठी लिहिलेली नोंद

 

आजच्या भागाचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब, तुम्ही फौजी माणूस, तुमचा कमिट मेसेजशी काय संबंध? संबंध आहे. माझी सगळी नोकरी सिग्नल्समध्ये झाली. निरोप लिहायचा कसा, नोंद ठेवायची कशी, आणि तीन वर्षांनी ती वाचणाऱ्या माणसाला काय लागतं, हेच आम्ही शिकलो आणि शिकवलं. आमच्या कोअरचं बोधवाक्य आहे 'तीव्र चौकस'. हिंदीत चौकस म्हणजे सावध. मराठीत चौकस म्हणजे 'हे असं का?' असं विचारणारा. आजच्या विषयाला मला मराठीतला अर्थ जास्त आवडतो, कारण चांगला कमिट मेसेज म्हणजे चौकस माणसाला आधीच देऊन ठेवलेलं उत्तर.

ज्यांची मुलं-नातवंडं सॉफ्टवेअरमध्ये आहेत, पण स्वतःचा संबंध नाही, त्यांनीही हा भाग वाचावा. सोसायटीचं इतिवृत्त लिहिणारे, मंडळाचे चिटणीस, शाळेत चार्ज देणारे-घेणारे, या सगळ्यांना यातलं बरंच लागू पडेल.

कमिट म्हणजे काय?

पाच-दहा माणसं मिळून एक सॉफ्टवेअर लिहितात. एक पुण्यात बसलाय, एक बेळगावात, एक इंदूरला, एक अमेरिकेत. प्रत्येक जण त्याच फाइलींमध्ये बदल करतो. कुणी काय बदललं, कधी बदललं, याची वही ठेवली नाही तर आठवड्याभरात गोंधळ होईल. ही वही ठेवणाऱ्या प्रणाली असतात. त्यांतली आज सर्वांत जास्त वापरली जाणारी म्हणजे गिट. आपण एक बदल पूर्ण केला आणि वहीत चढवला की त्याला म्हणायचं कमिट. त्या बदलासोबत आपण जे चार शब्द किंवा चार परिच्छेद लिहितो, तो कमिट मेसेज.

मराठी विकिपीडियावर कधी लेख दुरुस्त केला असेल तर तिथे जतन करण्याआधी खाली एक चौकट येते, बदलाचा सारांश लिहायला. तीच ही गोष्ट. फरक इतकाच, की सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीच्या बदलाने बँकेचा व्यवहार अडू शकतो, हॉस्पिटलचं यंत्र थांबू शकतं.

आपल्याला ही परंपरा नवी नाही. पेशव्यांच्या रोजनिशा आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतून निवडलेले उतारे छापून आले आहेत. कुणाला किती दिले, कोणत्या कामासाठी दिले, कुणाच्या विनंतीवरून दिले, असं त्यांत वाचायला मिळतं. नुसता आकडा असता तर इतिहासकाराच्या हाती फार काही लागलं नसतं. 'कोणत्या कामासाठी' हे शब्द आहेत म्हणून ती नोंद दोन-अडीचशे वर्षांनी बोलते.

गिट कुठून आलं?

लिनक्स हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते सुरू केलं. अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच आहे. जगभरातली हजारो माणसं त्यात बदल पाठवतात आणि बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं. या कामाची वही ठेवायला २००२ पासून बिटकीपर नावाची एका कंपनीची प्रणाली वापरली जायची. २००५ साली तिच्या फुकट वापराची मुभा गेली. तेव्हा टोरवाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये स्वतःच नवी प्रणाली लिहायला घेतली आणि तिचं नाव ठेवलं गिट. काही महिन्यांतच तिची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे गेली. (योगायोग बघा, आमच्या जबलपूरच्या डुमना रस्त्यावरच्या ट्रिपल आयटीचं स्थापनावर्षही २००५. म्हणजे तिथे आज शिकणारी बरीचशी मुलं गिटपेक्षा वयाने लहान किंवा बरोबरीची.)

या सुरुवातीच्या दिवसांतले दोन कमिट मेसेज बघण्यासारखे आहेत. गिटचा स्वतःचा पहिला कमिट ७ एप्रिल २००५ चा. त्याचा मेसेज म्हणजे एका ओळीचा विनोद. एकट्याचं काम, पहिला दिवस, चालतं. पण नऊ दिवसांनी, १६ एप्रिलला, अख्खं लिनक्स गिटमध्ये आणलं गेलं, आणि तो मेसेज मात्र वेगळा आहे. लिनक्सला तेव्हा चौदा वर्षं होत आली होती, पण गिटमध्ये जुना इतिहास आणलाच नाही. का नाही आणला, हे टोरवाल्ड्सने तिथेच लिहून ठेवलं : जुना इतिहास आपल्याकडे आहे, पण तो आणला तर सुमारे ३.२ गिगाबाइट जागा लागेल आणि गिट अजून बाल्यावस्थेत असताना ते ओझं नको; हवं तर पुढे वेगळा संग्रह करता येईल.

आज वीस वर्षांनी एखादी मुलगी लिनक्सचा इतिहास मागे मागे उलगडत जाते, २००५ ला पोचते आणि एकदम भिंत लागते. तिला प्रश्न पडतो, याच्या आधीचं कुठे गेलं? उत्तर त्या भिंतीवरच लिहिलेलं आहे. कुणाला फोन नको, कुणाला पत्र नको. आपल्यालाही हेच साधायचं आहे.

काय बदललं हे कोड सांगतं. का बदललं हे तुम्ही सांगायचं

नवशिके नेहमी एक चूक करतात. मेसेजमध्ये लिहितात, 'मर्यादा ३० वरून ६० केली'. अरे बाबा, ते तर गिट स्वतःच दाखवतं. लाल रंगात जुनी ओळ, हिरव्या रंगात नवी ओळ. तेच पुन्हा लिहून काय मिळालं? मला हे सांग की ६० च का केली. ४५ का नाही? कुणाची तक्रार होती? ३० असताना काय बिघडत होतं?

फौजेत आदेश देताना आधी परिस्थिती सांगतात, मग उद्दिष्ट, मग काम कसं करायचं ते. हा क्रम उगाच नाही. नुसतं 'त्या टेकडीवर जाऊन बसा' सांगितलं आणि टेकडीवर आधीच पाणी भरलेलं निघालं, तर जवान काय करणार? पण 'पुलावरची वाहतूक दिसली पाहिजे म्हणून त्या टेकडीवर बसा' असं सांगितलं, तर तो शेजारची टेकडी शोधतो. उद्दिष्ट कळलं की माणूस डोकं चालवू शकतो. कमिट मेसेजचंही तसंच : आधी काय होतं, काय अडलं, म्हणून काय केलं.

'का' लिहिलेलं नसलं, किंवा योग्य जागी नसलं, तर काय होऊ शकतं? याचं जगप्रसिद्ध उदाहरण गिटच्या जन्माआधीचं आहे. ४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून युरोपचं एरियान-५ हे रॉकेट पहिल्यांदाच उडालं. सोबत क्लस्टर मोहिमेचे चार वैज्ञानिक उपग्रह. उड्डाणाला पुरतं मिनिटही झालं नाही, जेमतेम चाळीस सेकंदांत रॉकेट वाट सोडून भरकटलं आणि फुटलं.

चौकशी समितीने जुलैमध्ये अहवाल दिला. रॉकेटची दिशा सांगणाऱ्या संगणकातलं सॉफ्टवेअर आधीच्या एरियान-४ वरून उचललेलं होतं. त्यात एक मोठा आकडा १६ बिटांच्या जागेत बसवायचा होता. त्या जागेत जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. एरियान-५ चा वेग आडव्या दिशेने लवकर वाढत होता, आकडा मोठा झाला, मावला नाही आणि संगणक बंद पडला. राखीव संगणक होता, पण त्यातही तेच सॉफ्टवेअर. तो तर काही मिलिसेकंद आधीच बंद पडला होता.

आता आपल्या विषयाचा मुद्दा ऐका. अशा धोक्याचे सात आकडे सापडले होते. त्यांपैकी चारांना संरक्षण दिलं गेलं, तिघांना दिलं नाही. हे निष्काळजीपणाने झालं नव्हतं. संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता, आणि त्या तीन आकड्यांना एरियान-४ वर भरपूर मोकळीक होती. विचार करून, सगळ्यांच्या संमतीने घेतलेला निर्णय होता तो. पण समितीला असं आढळलं की या निर्णयाचं कारण त्या कोडमध्ये कुठेच नोंदलेलं नव्हतं. कागदपत्रांच्या डोंगरात ते गृहीतक दडून गेलं होतं.

विचार करा मंडळी. त्या ओळींच्या शेजारी दोन वाक्यं असती, 'इथे संरक्षण दिलेलं नाही, कारण एरियान-४ च्या मार्गावर हा आकडा इतका मोठा होऊच शकत नाही', तर एरियान-५ साठी ते वाचणाऱ्याच्या डोक्यात घंटा वाजण्याची निदान शक्यता होती. दोन वाक्यांनी रॉकेट नक्की वाचलं असतं असं मी म्हणणार नाही. अपघाताला बरीच कारणं असतात, आणि समितीने चाचण्यांमधल्या उणिवाही दाखवल्या आहेत. पण निर्णय जिथे घेतला तिथेच त्याचं कारण नोंदवणं हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

आचारी आणि आचार्य

रॉकेट फार लांबचं झालं. आता घरातलं उदाहरण देतो.

आम्ही चार-पाच मराठी माणसं मिळून एका जुन्या मराठी ग्रंथसंग्रहाची सूची संगणकावर आणतो आहोत. कुणाला पगार नाही, सगळं हौसेचं काम. त्यातला शोधाचा भाग नागपूरचे आमचे एक स्नेही लिहायचे. ग्रंथालयातून निवृत्त झालेले, साठीनंतर प्रोग्रॅमिंग शिकलेले. मागच्या वर्षी ते गेले. आता त्यांना विचारायची सोय नाही.

काही महिन्यांपूर्वी इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातली एक मुलगी आमच्यात सामील झाली. हुशार आणि कामाला वाघ. शोधाचा कोड वाचताना तिला एक विचित्र ओळ दिसली. त्या ओळीत एका अदृश्य चिन्हाची अदलाबदल केलेली होती, आणि लगेच पुढच्या ओळीत सगळी अदृश्य चिन्हं काढून टाकलेली. तिला वाटलं, शेवटी काढायचीच आहेत तर आधीची ओळ कशाला? ती पुसून टाकू. अगदी रास्त शंका.

पण पुसण्याआधी तिने एक चांगली सवय पाळली. गिटमध्ये 'ब्लेम' नावाची सोय आहे. नाव भांडखोर आहे, पण काम साधं : प्रत्येक ओळ कोणत्या कमिटमध्ये आली ते दाखवणं. तिने ते चालवलं आणि आमच्या स्नेह्यांचा हा मेसेज समोर आला :

सूचीतला जुना अर्धा र नव्या पद्धतीत बदला

'आचाऱ्यांचे' असं शोधलं तर जुन्या याद्यांमधलं पुस्तक सापडत नाही. जुन्या याद्यांत हे अक्षर र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह असं साठवलेलं आहे. नव्या कळफलकांतून ते ऱ आणि हलंत असं येतं. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, संगणकाला वेगळं.

जोडचिन्ह नुसतं काढून चालणार नाही. काढलं तर 'आचाऱ्यांचे'चं 'आचार्यांचे' होतं आणि स्वयंपाकाचं पुस्तक शोधणाऱ्याला वेदान्त मिळतो. म्हणून आधी अदलाबदल, मग उरलेली अदृश्य चिन्हं काढणं. हा क्रम बदलू नये.

तपासलं : दऱ्या, तऱ्हा, दुसऱ्या, वाऱ्यावर. तपासलेलं नाही : मोडीवरून लिप्यंतर केलेली शीर्षकं.

मुलगी मराठी घरातली असली तरी शाळा हिंदी-इंग्रजीत झालेली. हिंदीत हा अर्धा र नाहीच, त्यामुळे आचारी आणि आचार्य यांतला घोटाळा तिच्या लक्षात येणं कठीण होतं. पण मेसेज वाचला आणि तिने ती ओळ तशीच ठेवली. वर 'तपासलेलं नाही' हे वाचून तिने मोडीतली शीर्षकं तपासायचं काम स्वतःकडे घेतलं. ज्या माणसाला ती कधी भेटली नाही, त्याने तिला एका चुकीतून वाचवलं आणि पुढचं कामही सोपवलं.

आता कल्पना करा, त्या जागी आमच्या स्नेह्यांनी 'शोध दुरुस्त' एवढंच लिहिलं असतं. ओळ पुसली गेली असती. प्रोग्रॅम बंद पडला नसता, लाल अक्षरात काही आलं नसतं. दऱ्या शोधणाऱ्याला दर्या मिळत राहिला असता आणि आमच्यापैकी कुणालाही कित्येक महिने पत्ता लागला नसता.

लिहायचं कसं?

आता नियम. हे मी बनवलेले नाहीत. लिनक्स आणि गिट वापरणाऱ्यांमध्ये रूढ झालेले आहेत. प्रत्येकामागचं कारण सांगतो, म्हणजे पाठ करावे लागणार नाहीत.

पहिला नियम, पहिली ओळ छोटी आणि स्वतंत्र. साधारण ५० अक्षरांची मर्यादा धरतात. लिनक्समध्ये ७० ते ७५ पर्यंत चालतं. कारण हीच ओळ यादीत दिसते. शंभर कमिटची यादी काढली की फक्त पहिल्या ओळी एकाखाली एक येतात. वर्तमानपत्राचा मथळा समजा. 'बदल', 'दुरुस्ती', 'आणखी दुरुस्ती', 'आता नक्की दुरुस्ती' अशा मथळ्यांचं वर्तमानपत्र कोण वाचेल? देवनागरीत एक अडचण आहे. आपलं 'क्षि' डोळ्यांना एक अक्षर, पण संगणकाच्या मोजणीत ते चार होतं. म्हणून मराठीत लिहिताना आकड्यावर अडून बसू नका. एका नजरेत वाचून होईल इतकी ओळ ठेवा.

दुसरा, त्यानंतर एक ओळ रिकामी. ही शोभेची नाही. गिट पहिल्या रिकाम्या ओळीपर्यंतचा मजकूर शीर्षक धरतं. ओळ सोडली नाही तर अख्खा परिच्छेद शीर्षकात घुसतो.

तिसरा, शीर्षक आज्ञार्थी. 'बदलला' किंवा 'बदलत आहे' नाही. 'बदला', 'काढा', 'जोडा'. लिनक्सच्या नियमावलीत हे समजावताना म्हटलंय की आपण जणू कोडलाच हुकूम देतो आहोत असं लिहा. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं! यातला व्यवहार असा, की कमिट म्हणजे एक सुटा बदल. तो लावला की काय होईल, ते शीर्षक सांगतं. हाच बदल उद्या दुसऱ्या शाखेवर लावायचा झाला तरी वाक्य बदलावं लागत नाही.

चौथा, मजकुराच्या ओळी ७२ अक्षरांच्या आसपास तोडा. जुन्या पडद्यांवर ८० अक्षरांची रुंदी असायची आणि गिट मेसेज दाखवताना डावीकडे चार जागा सोडतं. उजवीकडेही तेवढंच सोडलं की ७२ उरतात. फौजी हिशोब आहे, पटकन समजतो.

पाचवा, एक कमिट, एक काम. हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो मेसेजआधीच पाळावा लागतो. शीर्षकात 'आणि' लिहावंसं वाटलं की समजा, दोन कमिट करायला हवे होते. गिटमध्ये 'बायसेक्ट' नावाची सोय आहे. हजार कमिटपैकी कुठल्या तरी एकात बिघाड शिरला, तर ती मधला कमिट तपासते, मग उरलेल्या अर्ध्याचा मधला, असं करत सुमारे दहा तपासण्यांत गुन्हेगार कमिट पकडते. पण पकडलेल्या कमिटमध्ये पन्नास वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतील तर काय उपयोग? चोर या वस्तीत आहे एवढंच कळलं; घर नाही कळलं.

सहावा, कारण मेसेजमध्येच लिहा, नुसता तक्रार क्रमांक देऊन मोकळे होऊ नका. 'तक्रार २१४ पाहा' एवढंच लिहिलं आणि तक्रारवहीची वेबसाइट बंद पडली, तर? गूगल कोड ही गूगलची मोठी सेवा होती, असंख्य प्रकल्पांचं घर. २०१६ च्या सुरुवातीला ती बंद झाली. बिटकीपरचंही काय झालं ते आपण पाहिलं. गिटची वही मात्र प्रत्येक सहकाऱ्याच्या संगणकावर पूर्ण असते. क्रमांक जरूर द्या, पण सोबत दोन वाक्यांत सार लिहा.

सातवा, जे सोडून दिलं तेही लिहा. दुसरा मार्ग करून पाहिला आणि जमला नाही? लिहा. काय तपासलं नाही? तेही लिहा. गस्तीहून परत आलेल्या तुकडीने 'या वाटेने गेलो, पुढे वाट नाही' एवढं सांगितलं तरी दुसऱ्या तुकडीची रात्र वाचते.

सही आणि खाडाखोड

लिनक्समध्ये मेसेजच्या शेवटी नावानिशी एक सहीची ओळ असते. ही पद्धत २००४ साली आली. त्याच्या आदल्या वर्षी एससीओ नावाच्या कंपनीने लिनक्समध्ये आपला कोड घुसवल्याचा दावा करत आयबीएमवर खटला भरला होता. तेव्हा प्रश्न आला, कोणती ओळ कुणी दिली आणि द्यायचा हक्क त्याला होता का? तेव्हापासून देणारा सही करतो, आणि पुढे ज्याच्या ज्याच्या हातून तो बदल सरकतो तोही आपली सही जोडतो. आमच्याकडे स्टोअरमधल्या वस्तूची पावती जशी सहीनिशी हातोहात जाते, तसंच.

आणि खाडाखोडीबद्दल. वायरलेस सेटच्या लॉगबुकात लिहिलेलं खोडरबराने पुसत नाहीत. चुकलं तर एक रेघ मारायची, बाजूला बरोबर लिहायचं, आद्याक्षरी करायची. गिटही तसंच कडक आहे. प्रत्येक कमिटला ४० चिन्हांची एक खूण मिळते. ती कोड, तारीख, नाव, आधीचा कमिट आणि मेसेज या सगळ्यांवरून काढलेली असते. मेसेजातलं एक अक्षर बदललं तरी खूण बदलते. म्हणजे मेसेज ही बदलाला वरून चिकटवलेली चिठ्ठी नाही. तो त्या कमिटच्या ओळखीचाच भाग आहे. कमिट आपल्याच संगणकावर आहे तोवर खुशाल सुधारा. एकदा सगळ्यांकडे गेला की हात लावू नका, नवा कमिट करून दुरुस्ती लिहा.

म्हणूनच मेसेजात पासवर्ड, कुणाचा फोन नंबर, ग्राहकाचं नाव, कुणावरचा राग, यातलं काहीही लिहू नका. बाहेर गेलेला शब्द परत बोलावता येत नाही.

दोन प्रश्न नेहमी येतात

पहिला, मराठीत लिहिलं तर चालेल का? गिटची काही हरकत नाही. ते मजकूर यूटीएफ-८ मध्ये ठेवतं आणि देवनागरी त्यात व्यवस्थित बसते. प्रश्न वाचणाऱ्याचा आहे. जगभरचे लोक वाचणार असतील तर इंग्रजीत लिहा. पण गट मराठी असेल, विषय मराठीचा असेल, तर मोडक्या इंग्रजीतल्या अर्ध्या कारणापेक्षा मराठीतलं पूर्ण कारण बरं. आचारी-आचार्यांचं प्रकरण इंग्रजीत समजावायला किती ओळी लागल्या असत्या, विचार करा.

दुसरा, आता यंत्रच मेसेज लिहून देतं, मग आपण का लिहायचं? यंत्र बदल बघून 'काय बदललं' याचा नीटनेटका गोषवारा देतं. पण काल संध्याकाळी फोनवर ग्रंथपाल काय म्हणाले, हे त्या बदलात नसतं. ते फक्त तुम्हाला माहीत आहे. हवं तर यंत्राकडून मसुदा घ्या, पण 'का' स्वतः घाला आणि मग सही करा.

मंडळी, आजचा गृहपाठ. तुमच्या प्रकल्पातले, किंवा तुमच्या मुलीच्या, नातवाच्या प्रकल्पातले शेवटचे दहा मेसेज काढा. कोड झाका, फक्त मेसेज वाचा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : हा बदल उद्या कुणी काढून टाकायला निघाला, तर त्याला थांबवायला किंवा 'खुशाल काढ' म्हणायला हा मेसेज पुरेसा आहे का? दहापैकी जितक्यांचं उत्तर 'नाही' येईल, तितक्या ठिकाणी तुमचा गट कुणाच्या तरी आठवणीवर चालला आहे. आणि आठवण असलेला माणूस बदलीवर जातो, नोकरी सोडतो, कधी जगच सोडून जातो. सोमवारच्या पहिल्या कमिटपासून नियम पाळायला लागा. जुने मेसेज बदलत बसू नका. नवे चांगले लिहा.

पुढच्या भागात कमिटच्या पुढची पायरी घेऊ : दुसऱ्याचं काम तपासताना दोष कसा दाखवायचा, म्हणजे माणूस दुखावत नाही आणि दोषही सुटत नाही.

तोवर नर्मदे हर. जय हिंद.